शनिवारी आईले घेऊन ये

पहिले एक गोष्ट सांगून ठेवते. मले हिंदी येते. आमच्या अर्जुनीच्या शाळेत पाचवीपासून हिंदी होती, अन् मले त्यात कधी सत्तरच्या खाली मार्क पडले नाहीत. म्हणून जे झालं ते हिंदी येत नव्हती म्हणून झालं, असं कोणी समजू नका. मले हिंदीतला एकच शब्द सहन होत नव्हता. अन् आमच्या घरात तोच शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू यायचा.

आमचं घर म्हणजे रायपूरजवळच्या बीरगावातल्या दोन खोल्या, दारासमोर नळ. माझे बाबा, मारोती रामटेके, उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतात. मी जूनमध्ये इथं आली. घरात बाबा, मी अन् पिंकी. पिंकी म्हणजे बाबाची दुसरी बायको. तिचं माहेर गुढियारीचं, बोलणं अर्धं छत्तीसगढी अन् अर्धं हिंदी. ती घरीच शिलाई करते, फॉल-पिको अन् ब्लाउज. त्यामुळं सकाळपासून गल्लीतल्या बाया दारात येऊन तिले हाका मारत राहतात.

"पिंकीऽ, फॉल हो गया क्या?"

अन् ही मशीनवरून ओरडते, "आईऽऽ!"

आता हिंदीत 'आई' म्हणजे 'आले'. हे काय मले माहीत नाही? पण कानाले कोण समजावणार? मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली असायची अन् बाहेरून कोणी 'आई' म्हटलं की माझं काळीज लक्कन हलायचं. मग लक्षात यायचं, अन् मग असा राग यायचा की पुस्तक भिंतीवर फेकावं.

कारण तो शब्द माझ्या आईचा होता. आमच्या गावात सारी पोरं आईले 'माय' म्हणतात. माझी आई बारावी शिकलेली, अंगणवाडीत मदतनीस होती. ती म्हणायची, "साक्षी, मले आई म्हणत जा बाप्पा, लय गोड वाटते." मग आमच्या साऱ्या गल्लीत मी एकटीच 'आई' म्हणायची. पोट्ट्या चिडवायच्या, पुस्तकातली पोट्टी म्हणून. चिडवू दे. माझी आई त्या हाकेले दुरूनच ओळखायची.

दीड वर्षाआधी ती गेली. किडनीचं दुखणं होतं. तेव्हापासून मी मामाकडं राहिली, तोवर इकडं बाबानं लग्न केलं, अन् जूनमध्ये मामानं माझी बॅग बसमध्ये ठेवून दिली.

आल्यावर आठ दिवसांतच मी पिंकीवर भडकली. बाहेरून हाक आली, ही म्हणाली "आईऽऽ", अन् मी उठून तिच्या मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

"ये शब्द मत बोला करो!"

"कौन सा शब्द?"

"आई! वो मेरी माँ का है!"

तिच्या गळ्यात मापाचा टेप होता. तो तिनं काढला, बोटाले गुंडाळला, परत सोडला. मले वाटलं, आता कानाखाली बसते. ती फक्त म्हणाली, "ठीक है."

दुसऱ्या दिवसापासून कोणी हाक मारली की ती म्हणायची, "आवत हंव!" म्हणजे छत्तीसगढीत 'येते'. मी मनात म्हटलं, चला, जिरवली एकदाची. एवढ्यावरच मी खुश. तिले हाक मारायची वेळ माझ्यावर आली की मी 'सुनो' म्हणायची, नाहीतर उगाच खोकायची. मम्मी नाही, दीदी नाही, काहीच नाही. वीस-पंचवीस दिवस मी त्या बाईले बिनानावाचंच ठेवलं.

मग एका रविवारी मी मागच्या बाजूले कपडे वाळत घालून राहिली होती. खिडकीतून तिचा आवाज आला. ती फोनवर होती.

"लड़कियों के हॉस्टल में जगह है क्या? नौवीं में है... नहीं, शैतान नहीं है. चुप रहती है... हाँ, फारम भेज दो."

माझ्या हातातली सलवार तशीच हातात राहिली. आमच्या घरात नववीत मी एकटीच होती.

मामानं बॅग बसमध्ये ठेवली, आता ही बॅग हॉस्टेलात ठेवणार. मले रायपूर काही आवडत नव्हतं, खोटं कायले बोलू. पण इथं रात्री बाबा घोरायचा. त्या घोरण्यानं मले झोप लागायची. साऱ्या जगात तेवढं एकच माझं उरलं होतं. मी ठरवलं, आता काहीच चूक करायची नाही. शाळेतून एक तक्रार नको, घरात एक भांडं फुटायले नको. यांना कारणच द्यायचं नाही.

अन् सोमवारीच कारण चालत आलं.

आमच्या वर्गाच्या चंद्राकर मॅडमनं मले टेबलाजवळ बोलावलं. समोर माझा प्रवेशाचा फॉर्म होता. बाबा ड्यूटीच्या घाईत आला होता, अर्धा फॉर्म भरून पळाला होता. 'माता का नाम' हा रकाना कोरा होता. सहीची जागा कोरी होती. बाबानं तो रकाना घाईत सोडला की हात धजला नाही म्हणून सोडला, हे मी अजूनही त्याले विचारलं नाही.

"साक्षी, मम्मी कहाँ हैं तुम्हारी?"

मले हिंदी येते. 'मेरी माँ नहीं हैं.' चार शब्द. पण सारा वर्ग मागं बसलेला, अन् ते वाक्य मी तोवर कोणत्याच भाषेत कोणाले सांगितलं नव्हतं. गावात सांगायची गरज नव्हती, तिथं साऱ्यांनीच पाहिलं होतं. माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"आई नाही."

"आई नहीं? कोई बात नहीं. कब आएगी?"

"नाही मॅडम... आई नाही!"

"अरे बाबा, समझ गई, नहीं आई. तो शनिवार को ले आओ."

मागून दोघीतिघी हसल्या. माझे कान तापले. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. रडू आवरू का बोलू? मॅडम काही वाईट नव्हत्या, त्यांच्यासमोर चाळीस पोरींचे फॉर्म पडले होते. त्यांनी माझी डायरी ओढली अन् लाल पेनानं लिहिलं, 'शनिवार, माता के साथ उपस्थित हों.' मग म्हणाल्या, "शनिवार आखिरी दिन है. फारम पूरा नहीं हुआ तो रजिस्टर से नाम कट जाएगा. फिर मेरे हाथ में कुछ नहीं."

बाकावर माझ्या बाजूले पायल बसते. ती मले 'ए नागपूर' म्हणते. अर्जुनी नागपूरपासून किती दूर आहे हे तिले दहादा सांगून झालं, पण ऐकते कुठं. ती डायरी वाचून म्हणाली, "ले आ न मम्मी को. पिछले साल एक लड़की का नाम कटा था. फिर वो आई ही नहीं."

पुन्हा आई. मी बाकाखाली मुठी आवळून बसली.

आता माझा घोळ समजून घ्या. पिंकीले शाळेत नेलं नाही तर नाव काटतीन. नाव कटलं की हॉस्टेलचं पक्कं, मग बाबाही तिले नाही म्हणणार नाही. अन् पिंकीले नेलं तर? तर त्या कोऱ्या रकान्यात 'पिंकी' लिहिलं जाईल. माझ्या दहावीच्या, बारावीच्या, साऱ्या मार्कशीटवर तेच नाव येईल, जसं काही मले जन्म देणारी दुसरी कोणी नव्हतीच. इकडं आड अन् तिकडं विहीर म्हणतात, ते मले त्या आठवड्यात नीट कळलं.

मंगळवारी मी डायरी बॅगच्या तळाशी, भूगोलाच्या पुस्तकात लपवली. बुधवारी उगाच ती काढून पाहिली. वाटलं, लाल शाई थोडी पुसट झाली असेल. कायची पुसट होते! गुरुवारी बाबा लवकर घरी आला. जेवताना मी त्याच्यासमोर बसली, ठरवूनच बसली.

"शाळा कशी आहे?" बाबानं विचारलं.

"बरी आहे."

"काही लागते काय?"

आता सांगते, आता सांगते, असं करत मी दोन पोळ्या खाल्ल्या. पिंकी माझ्या ताटात भाजी वाढायले आली तशी मी गप्प झाली.

"पिंकीसोबत बोलत जा ना पोट्टे," बाबा हळूच म्हणाला. "ते काही खात नाही तुले."

खात नाही, फक्त पाठवून देते, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी पाणी पिऊन ते गिळलं. शुक्रवारी मले शाळेत काहीच ऐकू आलं नाही. पायलनं मले दोनदा चिमटा काढला, कारण हजेरीत माझं नाव घेतलं होतं अन् मी 'उपस्थित' म्हणायचंच विसरली होती. मॅडमनं वर पाहिलं अन् म्हटलं, "कल याद है ना?" मी मान हलवली. ते नाव रजिस्टरात अजून आहे, उद्या दुपारी नसेल, एवढंच डोक्यात फिरून राहिलं होतं.

शनिवारी शाळा सकाळची असते. बाबा सहाच्या शिफ्टले निघून गेला. मी ठरवलं होतं, एकटीच जायचं, मॅडमच्या पाया पडायचं, अन् ते चार शब्द कसेबसे बोलायचे. मनात सारखी घोकून राहिली होती. मेरी माँ नहीं हैं. मेरी माँ नहीं हैं. गॅसवर आंघोळीच्या पाण्यानं भरलेला गंज उकळून राहिला होता, इकडं लक्षच नाही. तसाच तो फडक्यानं धरला, न्हाणीकडं वळली, बॅगेच्या पट्ट्यात पाय अडकला, अन् गंज हातातून सुटला.

उकळतं पाणी डाव्या पायावर पडलं. मी जी किंचाळली!

"आईऽऽऽ!"

बाहेर नळावर पिंकी कपडे धूत होती. तिकडून लगेच आवाज आला.

"आई! आईऽ! आई, बेटा!"

अन् ती आलीच. हात साबणाचे, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एक चप्पल पायात अन् दुसरीचा पत्ता नाही. तिनं काही विचारलं नाही. मले काखेतून धरलं, ओढतच नळाखाली नेऊन बसवलं अन् पायावर धार सोडली. भरलेली बादली लाथेनंच बाजूले केली. गल्लीतली एक बाई म्हणाली, टूथपेस्ट लावा. पिंकी तिच्यावर खेकसली, "कुछ नहीं लगाना, पानी चलने दो!"

मी रडून राहिली होती. पाय तर आगीसारखा होतच होता, पण खरं सांगू? मी पायासाठी रडत नव्हती. दीड वर्षात मी ती हाक मारली नव्हती. अन् मारली तर कोणीतरी ओ दिली. तोच शब्द उलटून परत आला. तो हिंदीतला होता, मले माहीत आहे ना. तरी आला.

पिंकीनं मात्र एकदम जीभ चावली. माझ्याकडं न पाहताच म्हणाली, "सॉरी. मुँह से निकल गया. अब नहीं बोलूँगी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई या गल्लीत, आपल्या घरात, आपल्या मशीनवर बसून एवढे दिवस आपल्याच भाषेतला एक शब्द गिळून राहिली होती. अन् मी समजत होती, मी तिची जिरवली.

पाय लाल झाला होता, चामडी उतरली नव्हती. वीस मिनिटांनी तिनं मले पलंगावर बसवलं अन् आतलं पाणी पुसायले घेतलं. बॅग पुरी ओली झाली होती. ती एकेक पुस्तक काढून फरशीवर उघडून ठेवू लागली. गणित. विज्ञान. भूगोल. मी "राहू द्या" म्हणेपर्यंत डायरी तिच्या हातात होती.

तिनं ते पान वाचलं. दोनदा वाचलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

"आज का है ये."

"हो."

"किसी को बताया क्यों नहीं?"

मी म्हटलं, "हॉस्टल में डालने वाली हो ना मुझे? नाम कट जाएगा तो आसान हो जाएगा."

ती खालीच बसून राहिली, हातात पोछा. मले वाटलं आता खोटं बोलते. पण ती म्हणाली, "हव. मैंने ही पूछा था. तुम्हारे पापा ने नहीं. तुम मुझे कुछ बुलाती ही नहीं. मैं कमरे में आती हूँ तो तुम्हारा चेहरा उतर जाता है. मैंने सोचा, मेरे कारण लड़की घुट रही है, वहाँ सहेलियाँ तो मिलेंगी." तिनं नाक पुसलं, साबणाच्या हातानंच. "फारम अलमारी में रखा है. भरा नहीं है. तुम बोलोगी तो भरूँगी, नहीं तो फाड़ दूँगी. पहले उठो. स्कूल चलो."

"तुम वहाँ जाकर अपना नाम लिखोगी?"

ती माझ्याकडं अशी पाहत राहिली की मलेच लाज वाटली. मग तिनं साडी नीट केली अन् मले बाबाची मोठी चप्पल घालायले दिली. आम्ही ई-रिक्षात बसलो. रस्ताभर ती एकच विचारत राहिली, "जल रहा है?" अन् मी म्हणत राहिली, "थोड़ा." मनात मात्र वेगळंच चाललं होतं. रकाना एक, नावं दोन. ही तिथं काय बोलते? अन् मॅडमनं आधीच नाव काटलं असलं तर?

ऑफिसात चंद्राकर मॅडम एकट्याच होत्या, समोर रजिस्टर उघडं. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्या पायातल्या बाबाच्या चपलीकडं.

"अब आ रही हो? मैं नाम काटने ही बैठी थी." फॉर्म त्यांनी पिंकीसमोर सरकवला. "लीजिए. माता के नाम की जगह खाली है. अपना नाम बताइए."

मी फॉर्मवरून नजर हलवली नाही.

"गौतमी," पिंकी म्हणाली. "गौतमी मारोती रामटेके."

माझ्या आईचं नाव. तिले कोणी सांगितलं? बाबानं सांगितलं असेल. पण तिनं ते पाठ करून ठेवलं होतं, मधल्या नावासकट. मॅडमनं लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या कोऱ्या रकान्यात गौतमी बसली, निळ्या शाईत, चांगल्या ठळक अक्षरात.

"तो गौतमी जी, यहाँ साइन कीजिए."

"मैं गौतमी नहीं हूँ, मैडम. वो नहीं रहीं. डेढ़ साल हो गया."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अन् त्यांचा चेहराच बदलला. "बेटा, तुमने बताया क्यों नहीं?"

"बताया था, मैडम," मी म्हटलं. "दो बार."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं अन् परत काढलं. मग हळूच विचारलं, "तो फिर आज तुम्हारे साथ कौन आई है? पालक का रिश्ता लिखना पड़ेगा."

पिंकीनं तोंड उघडलं अन् मिटलं. 'मैं आई हूँ' एवढंच म्हणायचं होतं तिले. साधं, सरळ उत्तर. पण तिनं ते गिळलं. मी पाहिलं ना, तिच्या गळ्यात ते हललं अन् परत खाली गेलं. माझ्यासाठी. मॅडम वाट पाहून राहिल्या, ती टेबलाच्या काचेकडं पाहून राहिली.

मले हिंदी येते. मी आधीच सांगितलं आहे.

"आई आई है," मी म्हटलं.

"हकलाओ मत बेटा, घबराने की बात नहीं," मॅडम म्हणाल्या. "एक बार बोलो, आराम से."

पण पिंकीले समजलं होतं. आठ महिने ती एका मराठी माणसाच्या घरात राहून राहिली होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं अन् खिडकीकडं मान वळवली.

"दो बार ही बोलना पड़ता है, मैडम," मी म्हटलं. "आई आई है."